खात्री नसलेली एस्तेर मावशी

एस्तेर मावशीला पुरलं त्या दिवशी थडग्यापाशी एकाने प्रार्थनेत म्हटलं, की आमच्या या भगिनीला आपल्या तारणाची पूर्ण खात्री होती आणि ती शांतपणे गेली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं. पण जी एक गोष्ट तिला आयुष्यभर मिळाली नाही, जिच्यासाठी ती रडली, तीच तिच्यापाशी होती असं सांगायचं? मग त्या रडण्याचं काय करायचं? देव आपल्याला वाचवील याची मावशीला खात्री नव्हती. मी पाहिलेल्या ख्रिस्ती माणसांत सर्वांत घाबरलेलं माणूस तीच होती. आणि तिच्या शेवटच्या दोन वर्षांच्या भीतीत माझा हात होता. म्हणून हे लिहिते आहे.

नाशकात, सातपूरच्या कॉलनीत आमची आणि तिची भिंत एकच. माहेर निफाडकडचं, नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूल नाही. एका कारखान्यात तपासणी विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. अंगाने बारीक, कानामागे कायम पेन्सिल, आणि बोटं सतत काहीतरी चाचपणारी. भाजीवाल्याकडे वांगं घेतलं तरी अंगठ्याने सगळीकडून फिरवून बघायची. भाजीवाला ओरडायचा, "मावशी, वांगं हाय, बेअरिंग नाय!"

घरातून निघताना कुलूप तीनदा ओढायची. कोपऱ्यापर्यंत जायची, परत येऊन चौथ्यांदा ओढायची. मी हसले की म्हणायची, "हसू नको. बंद वाटणं येगळं आन् बंद असणं येगळं."

कारखान्यात तिच्यापुढे पिनांचे ट्रे यायचे. हाताच्या बोटाएवढी लोखंडी पिन; तपासायच्या अशा नगाला तिथे 'जॉब' म्हणतात. गेजच्या, म्हणजे माप तपासायच्या साधनाच्या, एका बाजूत ती बसली पाहिजे, दुसऱ्या बाजूत बसता कामा नये. दोन्ही जमलं तर पास, नाहीतर लाल रंगाचा ठिपका. ती मला समजावून सांगायची, "पिन जाड राहिली तर परत घासता येती. बारीक झाली की संपलं. गेलेलं लोखंड भरून काढता येत नाय." हे सांगताना ती आपल्या मनगटाकडे बघायची, जणू तिथूनच काही कमी झालं असावं.

महिनाअखेरीला माल न्यायला टेम्पो गेटवर उभा असायचा आणि सुपरवायझर तिच्या टेबलाशी. हा प्रसंग तिने मला इतक्या वेळा सांगितला की तो मी पाहिलाच आहे असं वाटतं.

"मावशी, केसाएवढासुद्धा फरक नाही. कोण बघतंय?"

"मी बघतीय ना."

"डेव्हिएशनवर सोडू. साहेब सही करतील."

डेव्हिएशन म्हणजे माप चुकलेलं आहे हे मान्य करून वरच्या साहेबाने माल चालवून घेणं. मावशी म्हणायची, "साहेबांना करू द्या सही. माझ्या हातानं 'पास' लिहायची नाय." आणि ती लिहीत नसे. तिचा पगार त्यामुळे कधी वाढला नाही आणि तिचा माल कधी परत आला नाही.

हीच बाई रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आली की तोच गेज स्वतःला लावायची.

आमच्याकडे दरवर्षी तीन दिवस संजीवन सभा भरतात. बाहेरगावचा प्रचारक येतो. शेवटच्या दिवशी तो म्हणतो, ज्यांना आज ख्रिस्ताला आपला तारणारा म्हणून स्वीकारायचं आहे त्यांनी उभं राहावं. माणूस आयुष्यात एकदा उभा राहतो. मावशी दरवर्षी उभी राहायची. प्रचारक नवा असल्यामुळे तो आनंदाने तिचं नाव नव्या विश्वासणाऱ्यांच्या यादीत लिहून घ्यायचा. मंडळीतली तरुण मुलं कुजबुजायची, "मावशींचा रिचार्ज झाला." एकदा एकाने तोंडावरच विचारलं, "मावशी, किती दिवसांची व्हॅलिडिटी?" मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "तेच कळत नाय रे. कुणी सांगितलं तर बरं होईल." तो पोरगा पुन्हा हसला नाही.

दर बुधवारी शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, असायचा. निम्मी मंडळी कारखान्यातली, म्हणून आमचे पाळकसाहेब उदाहरणं तिथलीच द्यायचे. एकदा विषय होता प्रायश्चित्ताचा. बाहेर हा शब्द माणसाने स्वतः करायच्या भरपाईसाठी वापरतात. आमच्याकडे तो ख्रिस्ताने वधस्तंभावर आमच्यासाठी केलेल्या भरपाईसाठी आहे. पाळकसाहेब म्हणाले, "समजा, जॉब रिजेक्ट झाला."

मावशीचा हात वर. "मग साहेब, देव तो डेव्हिएशनवर पास करतो का?"

"नाही, बाई. देव चालवून घेत नाही. माप पुरं भरलंच पाहिजे. ते ख्रिस्ताने भरलं. त्याचं माप तुमच्या तपासणीच्या शीटवर लिहिलं गेलं."

"दुसऱ्याचं माप माझ्या शीटवर? साहेब, आमच्यात त्याला बोगस रिपोर्ट म्हणतात. त्यापायी माणूस घरी जातो."

सगळी खोली हसली. पाळकसाहेबही हसले. मावशी चष्मा पुसत राहिली. हसू थांबल्यावर हळू म्हणाली, "मी गंमत नाय केली. मला खरंच कळून घ्यायचंय." त्या दिवशी पाळकसाहेबांनी पुढचा धडा घेतला नाही. बाकीचा वेळ तिच्याच प्रश्नावर गेला, आणि घरी जातानाही तिच्या तोंडी तोच होता.

विचित्र गोष्ट अशी की दुसऱ्यांच्या बाबतीत तिला जराही शंका नसे. आमच्या गल्लीत गोरख नावाचा एक फिटर होता. दारूने यकृत गेलं. शेवटचे दोन दिवस मावशी त्याच्या उशाशी प्रार्थना करत होती. तो गेला तेव्हा ती बाहेर येऊन ठामपणे म्हणाली, "झालं त्याचं. प्रभूनं घेतला त्याला."

मी म्हटलं, "दोन दिवसांत? आणि तुझं साठ वर्षांत नाही?"

"त्याला काय ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक हाय. सगळं ठाऊक असून ज्याचं मन थाऱ्यावर नाय, त्याचं काय?"

असं तिचं शास्त्र होतं. दया इतरांसाठी, गेज स्वतःसाठी.

तिची भीती किती खरी होती हे मला कळलं ते बिबट्याच्या दिवशी. मी तेव्हा अकरावीत असेन. दुपारी साडेतीनचा सुमार, पहिली शिफ्ट सुटून मावशी घरी यायची वेळ. कॉलनीच्या मागच्या बंद शेडमध्ये बिबट्या शिरल्याची ओरड झाली. नाशकात हे अधूनमधून होतं. सगळी गल्ली, दारं उघडी टाकून, मागच्या गच्च्यांवर पळाली. आई चहा उकळत ठेवून धावली. मी एका चपलेत.

मावशी गल्लीत शिरली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. घरं उघडी. पंखे चालू. आमच्या शेगडीवर चहा उतू जाऊन गॅस विझलेला, वास सुटलेला. अंगणात एक चप्पल पडलेली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: प्रभू परत येईल तेव्हा आपल्या लोकांना एका क्षणात उचलून नेईल आणि बाकीचे मागे राहतील, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. मावशीने आमच्या घरात येऊन गॅस बंद केला, आणि मग तिला वाटलं, प्रभू सगळ्यांना घेऊन गेला, आपण मागे राहिलो.

आम्ही परतलो तेव्हा ती गल्लीच्या मधोमध बसली होती. डब्याची पिशवी बाजूला सांडलेली. आईला बघून तिने तिचे पाय धरले, हात धरले, गाल चाचपले. "तू हायेस? तू गेली नाय?"

"अगं कुठे जाऊ? मागे बिबट्या आलाय! सगळे तिकडेच. तू आधी घरात हो, तो सुटला तर?"

मावशीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "बिबट्या?" ती म्हणाली. "बिबट्याच ना फक्त? देवाचे लय आभार."

ती हसायला लागली, मग रडायला. आख्खी गल्ली दारं लावून घेत होती आणि ही बाई बिबट्यासाठी देवाचे आभार मानत रस्त्यात बसली होती. आम्ही हा किस्सा पुढे कितीदा सांगितला, हसलो. आता हसू येत नाही. गॅस बंद केल्यापासून आम्ही परत येईपर्यंतची ती दहा-पंधरा मिनिटं तिने ज्या ठिकाणी काढली, त्याला आमच्या भाषेत नरक म्हणतात.

आता माझा भाग.

आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा एका छापखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी ते स्वखर्चाने धर्मप्रचाराची पत्रकं छापायचे आणि शिफ्ट सुटताना कारखान्यांच्या गेटवर वाटायचे. उशीर होण्याआधी! आज नाही तर कधी! मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. उद्गारचिन्हाशिवायही वाक्य संपतं हे मला शाळेत गेल्यावर कळलं. घड्या घालायला मावशी यायची. स्टीलच्या पट्टीने घडी दाबायची, शाई फुटलेलं एकेक वेगळं काढायची, आणि प्रत्येक पत्रक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची. तिने तपासल्याशिवाय बाबा एकही बाहेर नेत नसत.

मी विसाव्या वर्षी माझं पहिलं पत्रक लिहिलं, रागाने. मंडळीच्या कमिटीत एक वजनदार गृहस्थ होते. घरी सुनेला मारायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि प्रभुभोजनाच्या रविवारी तेच पहिल्या रांगेत, तेच पहिला घास घ्यायचे. मला ते सहन होईना. नाव घ्यायची हिंमत नव्हती, म्हणून सगळ्यांनाच झोडपलं. 'तुम्हाला तारणाची खात्री आहे का? खात्री नसेल तर तारणही नाही! आणि तारण नसताना प्रभूच्या मेजाला हात लावणारा स्वतःच्या हाताने स्वतःचा दंड उचलतो!' खाली सात प्रश्न, एकेका प्रश्नापुढे हो-नाहीचे चौकोन. बाबांनी पाठ थोपटली. मावशीने सगळ्या घड्या घातल्या. तिचे हात त्या दिवशी फार सावकाश चालत होते, हे मला नंतर आठवलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे ख्रिस्ताच्या देहाची आणि रक्ताची आठवण म्हणून भाकरीचे तुकडे एका ताटात घालून रांगेतून हातोहात फिरवतात; मागोमाग छोट्या प्याल्यांचा ट्रे, त्यात दिंडोरीच्या द्राक्षांचा उकळून गाळलेला रस. ते गृहस्थ माझं पत्रक खिशात घालूनच बसले होते, टोक वर दिसत होतं. त्यांनी तुकडा उचलला, डोळे मिटले, खाल्ला. दोन रांगा मागे मावशीच्या हातात ताट आलं. तिने ते न थांबता शेजारणीकडे सरकवलं.

मला वाटलं पोट बरं नसेल. दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात मी उपासना संपल्यावर सरळ तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती.

"मावशी, तू आज घेतलं नाहीस."

"काय?"

"प्रभुभोजन. मागच्या वेळीही नाही."

"दिसलं का तुला." ती खडे काढत राहिली.

"का पण?"

तिने ताटली खाली ठेवली, आत गेली आणि शास्त्रात जपून ठेवलेलं माझं पत्रक आणलं. सातही प्रश्नांपुढच्या 'नाही'च्या चौकोनात पेन्सिलची खूण होती. खाली तारीख, सही, आणि एक शब्द: रिजेक्ट.

"मावशी, अगं हे तुझ्यासाठी नव्हतं! हे त्या कमिटीवाल्यासाठी होतं."

"पत्रकावर नाव कुठं असतं? ज्याच्या हातात पडलं त्याचं ते."

"मी चुकीचं लिहिलं."

"छापलंय की. तुझ्या बापानं वाचलं, मी तपासलं. चूक असती तर मला सापडली नसती?"

मग मी जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "मावशी, मलाच खात्री नाही. म्हणून तर एवढ्या जोरात लिहिलं."

माझं मनगट तिने इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली. "तुलाबी नाय?" आणि मला खाली बसवून, डोक्यावर हात ठेवून ती प्रार्थना करू लागली. स्वतःसाठी प्रार्थना करताना तिचा आवाज नेहमी कापायचा. माझ्यासाठी करताना एकदाही कापला नाही. "या लेकरासाठी तू मेलास, प्रभू, हिला तू सोडणार नाहीस." संपल्यावर पदराने माझं तोंड पुसत म्हणाली, "तुझं झालंय. काळजी करू नको."

"मग तुझं?"

"माझं ऱ्हाऊ दे."

मी दुसरं पत्रक लिहिलं. खात्री आपल्या मनाची नसते, ख्रिस्ताने पुरं केलेल्या कामाची असते. भीती वाटणाऱ्यांनीही यावं. यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. मावशीने त्याच्याही घड्या घातल्या, शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. म्हणाली, "छान लिव्हलंयस. पण आता दोन्हींतलं खरं कोणतं धरायचं?"

दोन वर्षं ती ताट पुढे सरकवत राहिली. पाळकसाहेब दोनदा घरी जाऊन आले, तिने चहा केला आणि विषय बदलला. ते कमिटीवाले गृहस्थ दर महिन्याला घास घेत राहिले. शब्द हे हत्यार आहे असं मी अभिमानाने म्हणत असे. पण मी ते ज्याच्यावर चालवलं त्याला ओरखडाही उठला नाही, आणि शेजारी उभी असलेली, आधीच घाबरलेली बाई कापली गेली. ज्यांना झोंबायला हवं ते असलं पत्रक वाचून शेजाऱ्याला देतात. ज्यांचं मन हळवं, तेच ते शास्त्रात जपून ठेवतात. भीती घालणारं पत्रक लिहिणाऱ्या प्रत्येकाने, आणि त्यात मी पहिली, हे आधी समजून घ्यायला हवं होतं.

मग तिचं हृदय बिघडलं. झडप निकामी झाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं, आणि आशा फारशी दाखवली नाही. त्या ऑपरेशनमधून ती उठली नाही. मी सांगते आहे ती आदल्या दुपारची गोष्ट.

वॉर्डात तिच्या खाटेशी मी होते. पाळकसाहेब छोटी पेटी घेऊन आले. आजाऱ्यांसाठी प्रभुभोजन त्यातून नेतात.

"बाई, घ्याल ना?"

मावशीने चादर गळ्यापर्यंत ओढली. डोळे मोठे झालेले. "नको, साहेब. माझं अजून ठरलं नाय."

"काय ठरलं नाही?"

"पास का रिजेक्ट."

त्यांनी पेटी बंद केली आणि स्टूल ओढून बसले. "बाई, अठ्ठावीस वर्षांत एखाद्या जॉबने उठून स्वतःचं माप घेतलेलं पाहिलंत का कधी?"

"जॉबला कुठं हात असत्यात?"

"मग तुम्ही का घेताय?"

"म्हणूनच तर भ्या वाटतं. माप घेणारा कोण हाय ते मला ठाऊक हाय. त्याच्या नजरेतून काय सुटत नाय."

"नाही सुटत," पाळकसाहेब म्हणाले. "सगळं बघितलं त्याने. बघूनच जीव दिला. तुम्ही आधी पास व्हाल म्हणून वाट बघत बसला नाही."

"आन् खात्री?"

"हे मेज तुमच्या खात्रीवर मांडलेलं नाही, बाई. त्याच्या मरणावर मांडलंय."

"पण माझं भ्या गेलं नाय, साहेब. आत्ता बी लय भ्या वाटतंय."

"भीतीसकट घ्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली होती. "आन् तुझं ते पहिलं पत्रक?" तिने विचारलं.

"ते स्क्रॅप कर, मावशी."

"तू सही करशील?"

"करते."

तिचा हात चादरीतून बाहेर आला. सुई टोचून निळा पडलेला. पाळकसाहेबांनी पेटी उघडून भाकरीचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला, तो घरंगळून चादरीवर पडला. त्यांनी दुसरा काढायला पेटीत हात घातला. "हाच राहू द्या," ती म्हणाली, आणि चाचपत तोच उचलून तोंडात घातला. चावताना तिचे डोळे पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर होते, अजूनही कुणी थांबवेल की काय असे.

मग प्याला. तो तिला धरवेना, मी तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. प्याला दातांवर वाजला. ती प्यायली. एक थेंब ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीकडे निघाला. मी रुमाल पुढे केला. तिने माझा हात बाजूला सारला, तो थेंब बोटावर टिपला आणि बोट तोंडात घातलं.